दोन दातांमधला पाव मिलिमीटर: गियर कॉन्टॅक्टची एक केस

काम दिसायला अगदी साधं होतं. कन्व्हेयरच्या गिअरबॉक्समधली स्पर गियरची, म्हणजे सरळ दातांची, एक जोडी, तिरक्या दातांची हेलिकलसुद्धा नाही. मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप, ४, पिनियनला, म्हणजे लहान चाकाला, २० दात, गियरला ४०, प्रेशर अँगल २० अंश, फेस विड्थ ३० मिमी, पिनियनवर २०० न्यूटन मीटर टॉर्क. मटेरियल २० एमएनसीआर ५, केस कार्ब्युराइज करून, म्हणजे वरचा थर कडक करून, ग्राइंड केलेलं. कस्टमरला टॉर्क वाढवायचा होता, आणि त्याआधी दाताच्या मुळाशी आणि दाताच्या अंगावर नेमका किती स्ट्रेस येतो ते त्यांना एफईएमधून, म्हणजे भागाचे लहान लहान तुकडे पाडून संगणकावर केलेल्या गणितातून, हवं होतं.

आमच्या ज्युनियरने तीन दिवस घासून मॉडेल बनवलं. रिपोर्ट पाठवायच्या आदल्या संध्याकाळी मला म्हणाला, सर एकदा नजर टाका, सगळं कन्व्हर्ज झालंय. प्लॉट छान होता, रंग गुळगुळीत, कुठे खाचखळगा नाही. पिनियनच्या मुळाशी मॅक्झिमम ४१ एमपीए (मेगापास्कल). मी विचारलं, अरे हाताने किती येतं? तो गप्प. मग आम्ही तिथेच एका जुन्या ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशोब मांडत बसलो.

पिनियनचा पिच व्यास, मॉड्यूल गुणिले दात, ८० मिमी, म्हणजे टँजेन्शियल फोर्स २०० भागिले ०.०४, सरळ ५००० न्यूटन. लुईसचं सूत्र १८९२ सालचं आहे, दात म्हणजे भिंतीत रोवलेला कॅन्टिलिव्हर आणि सगळा लोड टोकावर, एवढंच त्यात आहे. २० दातांसाठी फॉर्म फॅक्टर ०.३२२ धरला तर ५००० भागिले ३० गुणिले ४ गुणिले ०.३२२, उत्तर १२९ एमपीए. लुईस जुनं आहे, ढोबळ आहे, सगळं मान्य, पण १२९ च्या जागी ४१ येणं हे ढोबळपणात बसत नाही. तिप्पट फरक आहे. अशा वेळी माझा पहिला संशय कायम कॉन्टॅक्टवर जातो, आणि सेटिंग उघडून बघितलं तर तिथे लिहिलेलं होतं, बाँडेड, म्हणजे चिकटवलेला.

त्याने बाँडेड का केलं हे मला नीट समजून घ्यायचं होतं, कारण आळस म्हणून करणारा पोरगा तो नाही. सुरुवातीला त्याने बरोबरच, फ्रिक्शनलेस कॉन्टॅक्ट लावला होता. गियरचा बोअर, म्हणजे मधलं भोक, फिक्स, पिनियन फिरायला मोकळा, पिनियनवर टॉर्क. सॉल्व्हर पहिल्याच इटरेशनला पडला, डिस्प्लेसमेंट प्रचंड मोठी, रिजिड बॉडी मोशनची वॉर्निंग. मेश, म्हणजे त्या तुकड्यांची जाळी, बदललं, तेच. सबस्टेप, म्हणजे लोड वाढवायचे छोटे टप्पे, वाढवले, तेच. मग बाँडेड केलं आणि दहा मिनिटांत उत्तर आलं. अशा वेळी माणसाला वाटतं की सुटलं, आणि डेडलाइन डोक्यावर असली की हे वाटणं जास्तच खरं वाटतं.

आता बाँडेड म्हणजे काय झालं ते बघा. कॅडमध्ये पिनियनचा दात गियरच्या दोन दातांच्या बरोबर मध्ये बसवलेला होता. या जोडीचा बॅकलॅश, दातांमधली मोकळी जागा, ०.१२ मिमी, म्हणजे दोन्ही अंगाला ०.०६ मिमी फट. बाँडेड कॉन्टॅक्ट फट आहे की नाही याची पर्वा करत नाही, पिनबॉलच्या, म्हणजे सॉल्व्हर ज्या अंतरापर्यंत शोधतो त्याच्या, आत जे जे पृष्ठभाग येतील ते चिकटवून टाकतो, आणि पिनबॉलचा डिफॉल्ट आकार या ०.०६ पेक्षा कितीतरी मोठा होता. त्यामुळे दाताचा पुढचा फ्लँक, म्हणजे अंग, चिकटला आणि मागचाही, आणि शेजारचे दात धरून तीन-चार ठिकाणी डिंक लागला. आम्ही मागच्या फ्लँकवरचा नॉर्मल स्ट्रेस वेगळा काढून बघितला तर तिथे टेन्शन होतं, म्हणजे मॉडेलमधला एक दात दुसऱ्या दाताला मागून ओढत होता. गियरचा दात ढकलतो, ओढत कधीच नाही. एवढ्या सगळ्यांनी मिळून लोड वाटून घेतल्यावर मुळाशी ४१ येणारच.

रिपोर्ट थांबवला, कस्टमरला फोन करून तीन दिवस जास्त मागून घेतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

सॉल्व्हर का पडत होता

हे समजलं की अर्धं काम होतं. टॉर्क लावला त्या क्षणी पिनियनला धरणारं काहीच नव्हतं. दोन्ही बाजूला ०.०६ मिमी मोकळी जागा, फ्रिक्शन नाही, स्प्रिंग नाही. स्टॅटिक अॅनालिसिसमध्ये फोर्स आहे आणि स्टिफनेस शून्य आहे, मग डिस्प्लेसमेंट किती? उत्तरच नाही. खऱ्या गिअरबॉक्समध्ये पिनियन ती फट ओलांडून टक्कन लागतो, कारण तिथे वेळ आहे, इनर्शिया आहे. स्टॅटिक सॉल्व्हरला वेळ कळत नाही.

म्हणून फट आधी भूमितीतच मिटवायची. पिच त्रिज्या ४० मिमी, फट ०.०६ मिमी, कोन झाला ०.०६ भागिले ४०, म्हणजे ०.००१५ रेडियन, अंशात ०.०८६. पिनियन असेंब्लीतच तेवढा फिरवला. मी तर म्हणतो अगदी पूर्ण टेकवू नका, एखाद मायक्रॉन फट राहू द्या, कारण मेश केल्यावर पृष्ठभाग थोडा हलतोच आणि सुरुवातीलाच दात एकमेकांत घुसलेले असले तर पहिल्या सबस्टेपलाच खोटा फोर्स तयार होतो.

मग लोडिंग दोन स्टेपमध्ये. पहिल्या स्टेपला टॉर्क द्यायचाच नाही, पिनियनच्या बोअरला मध्यावरच्या एका रेफरन्स पॉइंटशी जोडायचं आणि त्या पॉइंटला ०.००५ अंश फिरवायचं. फिरवणं आपल्या हातात असल्याने मॅट्रिक्स सिंग्युलर होत नाही, म्हणजे गणित अडत नाही, दात दाताला लागतो, हलका दाब बसतो. दुसऱ्या स्टेपला ते फिरवणं सोडायचं आणि २०० न्यूटन मीटर टॉर्क टप्प्याटप्प्याने वाढवायचा. काही जण कॉन्टॅक्ट स्टॅबिलायझेशन किंवा वीक स्प्रिंग लावतात, चालतं, पण मग त्या डॅम्पिंगने किती एनर्जी खाल्ली ते स्ट्रेन एनर्जीशी ताडून बघायलाच हवं, नाहीतर टॉर्कचा काही भाग दातांऐवजी त्या खोट्या डॅम्परने उचललेला असतो आणि प्लॉट बघून ते कधीच कळत नाही.

इथे एक तपासणी अशी आहे जी मी प्रत्येक गियर मॉडेलला करतो आणि ज्युनियरकडूनही करून घेतली. गियरच्या बोअरवरचा रिअॅक्शन टॉर्क काढायचा. रेशो २ आहे, पिनियनवर २००, तर गियरवर ४०० न्यूटन मीटर यायलाच हवा. बाँडेडमध्ये हा रेशो मोडतो, कारण चिकटलेल्या दोन चाकांत इनव्होल्यूटचा, म्हणजे दाताच्या अंगाच्या ठरलेल्या वक्राचा, काही संबंधच उरत नाही. आमच्या नव्या मॉडेलला ४०० च्या अगदी जवळ आला तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं.

पट्टा किती रुंद

आता कॉन्टॅक्ट प्रेशर. इथे हर्ट्झशिवाय पान हलत नाही. हाइनरिश हर्ट्झने काचेच्या दोन भिंगांच्या स्पर्शाचा विचार करता करता हे गणित बांधलं, १८८२ साली छापलं, आणि आजही गियरच्या स्टँडर्डमध्ये दाताच्या पृष्ठभागाचं गणित त्याच्यावरच उभं आहे. कल्पना एवढीच की स्पर्शबिंदूपाशी दोन्ही दात म्हणजे दोन सिलिंडर समजायचे. पिच पॉइंटला पिनियनच्या दाताची वक्रता त्रिज्या ४० गुणिले साइन २०, १३.६८ मिमी, गियरची २७.३६, दोन्ही मिळून तुल्य त्रिज्या ९.१२ मिमी. नॉर्मल फोर्स म्हणजे टॉर्क भागिले बेस त्रिज्या, ३७.५९ मिमीने भागल्यावर ५३२१ न्यूटन, ३० मिमीवर पसरला की दर मिमीला १७७ न्यूटन. स्टीलचं ई, म्हणजे लवचिकतेचा गुणांक, २,१०,००० एमपीए आणि पॉइसन रेशो ०.३ धरलं तर जास्तीत जास्त प्रेशर ८४५ एमपीए, आणि कॉन्टॅक्ट पट्ट्याची अर्धी रुंदी ०.१३४ मिमी.

ही शेवटची संख्या मी ज्युनियरला मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला सांगितली. अर्धी ०.१३४, पूर्ण ०.२६७. पाव मिलिमीटरच्या जरा वर. साधारण नऊ मिमी उंचीचा दात आणि त्याच्यावर सगळा लोड पोस्टकार्डाच्या जाडीएवढ्या पट्ट्यावर. त्याच्या मॉडेलमधलं मेश होतं १ मिमी. म्हणजे अख्खा पट्टा एका एलिमेंटच्या पाव भागात, आणि त्या एलिमेंटला प्रेशरचा डोंगर दिसायचाच नाही, दिसेल तो १७७ न्यूटन एका मिमीवर सपाट पसरलेला, म्हणजे पावणेदोनशे एमपीएच्या आसपास.

मग त्याने मेश ०.२ केलं आणि आनंदाने सांगत आला की सर ८८० आलं, हर्ट्झच्या जवळ आहे, चार टक्केच फरक. मी म्हटलं पिनियन नखभर फिरव, एलिमेंटच्या अर्ध्याने, आणि पुन्हा चालव. आलं ४५०. तो चक्रावला. पण गणित साधं आहे. ०.२ च्या मेशमध्ये पट्ट्यात नोड, म्हणजे एलिमेंट जोडणारे बिंदू, मावतात एक किंवा दोन. एक नोड बरोबर मध्यावर पडला तर शेजारचे दोन्ही ०.१३४ च्या बाहेर, सगळा लोड त्या एकट्यावर, १७७ भागिले ०.२ म्हणजे ८८७. पट्ट्याचा मध्य दोन नोडच्या मध्ये पडला तर दोघांत अर्धा अर्धा, ४४३. म्हणजे ८८० हे उत्तर नव्हतंच, नोड कुठे पडला याचा तो आकडा होता. माझ्या मते या पूर्ण केसमधली सगळ्यात धोकादायक जागा हीच. चुकीचं उत्तर चुकीचं दिसलं तर माणूस शोधतो, बरोबर दिसलं तर सही करून पाठवतो.

शेवटी कॉन्टॅक्टच्या आसपासच्या अरुंद पट्टीत ०.०२५ मिमी मेश घेतलं, म्हणजे पट्ट्यात दहा-अकरा एलिमेंट, आणि ते सुद्धा आधी टूडी प्लेन स्ट्रेनमध्ये, एक मिमी जाडीच्या कापासारखं. ८३८ आलं. पिनियन थोडा थोडा सरकवून बघितला, दोन-चार एमपीएपेक्षा जास्त हललं नाही. तेव्हा ठरलं की आता आकडा भरवशाचा.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, एकूण कॉन्टॅक्ट फोर्स मात्र १ मिमीलाही ५३२१ होता, ०.२ लाही, ०.०२५ लाही. फोर्स समतोलातून येतो, मेशवर तो फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे मुळाचा बेंडिंग स्ट्रेस हवा असेल तर कॉन्टॅक्टच्या जागी बारीक मेशची गरज नाही, बारीक मेश फिलेटवर, म्हणजे मुळाच्या वळणावर, हवं. प्रेशर हवं असेल तर उलटं. दोन्ही एकाच रनमध्ये काढायचा हट्ट धरला की मॉडेल फुगतं आणि रात्रभर चालूनही सकाळी अर्धवट सापडतं.

मायक्रॉनचा हिशोब

कॉन्टॅक्ट स्टिफनेसबद्दल लोक खूप विचारतात आणि उत्तर मिळतं की डिफॉल्ट ठेव. गियरमध्ये डिफॉल्ट ठेवायचा की नाही हे ठरवायला एक आकडा हाताशी हवा, दात वाकतो किती. आयएसओ ६३३६ मध्ये स्टीलच्या भरीव चाकांसाठी एका दातजोडीचा कडकपणा ढोबळमानाने दर मिमी रुंदीला, दर मायक्रॉनला १४ न्यूटन धरतात. आपला लोड दर मिमीला १७७, भागाकार केला तर दात वाकतो साधारण १२ ते १३ मायक्रॉन. बस्, दाताच्या जगात मोजमापाची पट्टी ही.

आता पेनल्टी पद्धतीत सॉल्व्हर काय करतो, दात दाताला लागला हे दाखवायला तो थोडं आत घुसू देतो आणि घुसण्याच्या प्रमाणात ढकलतो, जणू दोघांच्या मध्ये एक कडक स्प्रिंग आहे. आमच्या पहिल्या रनमध्ये पेनिट्रेशन ४ मायक्रॉन होतं. ऐकायला काहीच नाही, पण दात १२ मायक्रॉन वाकतोय आणि त्यात ४ मायक्रॉन खोटे घुसतायत म्हणजे जोडीचा कडकपणा आपण चांगलाच मऊ करून ठेवला. एकच दातजोडी असेल तर फोर्सला फरक पडत नाही, पण दोन जोड्या एकदम लोड घेत असतील तेव्हा कोण किती घेणार हे कडकपणावरच ठरतं. स्टिफनेस फॅक्टर दहापट केला, ऑगमेंटेड लॅग्रांज, म्हणजे पेनल्टीचीच सुधारलेली पद्धत, लावलं, पेनिट्रेशन ०.४ मायक्रॉनच्या खाली गेलं. इटरेशन वाढले, रन दुप्पट लांबला, पण ते परवडतं. पुढे अजून दहापट करून बघितलं तर कन्व्हर्जन्स थरथरायला लागला, कॉन्टॅक्ट एका इटरेशनला लागतोय, दुसऱ्याला सुटतोय, म्हणून तिथेच थांबलो.

याच पट्टीने मेशची कडा मोजून बघा. लिनिअर एलिमेंट वक्र दातावर सरळ रेघा मारतं. १ मिमीची सरळ रेघ १३.७ त्रिज्येच्या वक्रावर टाकली तर मध्ये ९ मायक्रॉन पोट सुटतं. नऊ! म्हणजे दात जेवढा वाकतो जवळपास तेवढी चूक आपण मेशनेच घातली, आणि ज्या इनव्होल्यूटसाठी ग्राइंडिंगवाला एकेक मायक्रॉनला जपतो त्याचा आपण बहुकोन करून टाकला. ०.१ मिमीला ही चूक ०.१ मायक्रॉनच्याही खाली जाते. सेकंड ऑर्डर एलिमेंट वक्राला नीट चिकटतात हे खरं, पण आठ नोडच्या फेसवर एकसारखं प्रेशर दिलं तर कोपऱ्यातल्या नोडचे फोर्स उलट्या चिन्हाचे निघतात, त्यामुळे नोडवर कॉन्टॅक्ट ओळखणाऱ्या जुन्या पद्धतीत प्रेशर वरखाली उड्या मारतं. सरफेस टू सरफेस किंवा गॉस पॉइंटवाली पद्धत घेतली की हा त्रास बराच कमी होतो. आम्ही कॉन्टॅक्टच्या पट्टीत बारीक लिनिअर ब्रिक वापरले आणि विषय संपवला.

कॅडचंही बघून घ्या. कस्टमरकडून आलेल्या मॉडेलमध्ये दाताचं अंग म्हणजे खरा इनव्होल्यूट नव्हता, तीन बिंदूंतून काढलेला गोल कंस होता. कॅडच्या तयार लायब्ररीतून गियर घेतला की असं होतंच असं नाही, पण बऱ्याचदा होतं, चित्रासाठी आणि असेंब्लीसाठी ते पुरतं. आम्ही समीकरणातून बिंदू काढून इनव्होल्यूट नव्याने काढला, मुळाचं फिलेटसुद्धा दात कापणाऱ्या हॉबच्या टोकाच्या त्रिज्येप्रमाणे ट्रोकॉइड काढलं, कारण मुळाचा स्ट्रेस त्याच वळणावर बसतो.

कॉन्टॅक्ट जोड्या निवडताना फक्त पुढचे, लोड घेणारे फ्लँक घेतले, तीन जोड्या, मागचे नाही, मुळं नाहीत. बारीक मेशवाली बाजू कॉन्टॅक्ट म्हणजे स्लेव्ह, दुसरी टार्गेट. फ्रिक्शन आधी शून्य. पिच पॉइंटला दात एकमेकांवर नुसते लोळतात, घसरत नाहीत, त्यामुळे तिथे फ्रिक्शनने काही बिघडत नाही, नंतर ०.०८ घालून बघितलं तेव्हा मुळाच्या स्ट्रेसमध्ये किरकोळ फरक आला.

मुळाचा आकडा सांगायचा राहिला. लोड पिच पॉइंटला असताना ११३, आणि एकच जोडी लोड घेते त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे पिनियनच्या ४०.६१ मिमी त्रिज्येवर, १२६ एमपीए. लुईसच्या १२९ ला हे इतकं लागून आलं की ज्युनियर खूश झाला, पण मी त्याला समजावलं की लुईस लोड टोकावर धरतो आणि फिलेटचं कॉन्सन्ट्रेशन सोडून देतो, एक चूक वर नेते, दुसरी खाली आणते, म्हणून जवळ आलं. भरवसा ठेवायचा तो एवढ्यावरच की आता आपण त्याच गावात आहोत.

१६०० चं भूत

कस्टमरला हे आकडे आवडले. पण त्यांना पूर्ण मेशिंग सायकल, म्हणजे दात दातात गुंतण्याची एक फेरी, हवी होती, म्हणून पिनियन १८ अंश, एक पूर्ण दात, वीस टप्प्यांत फिरवला. कॉन्टॅक्ट रेशो, म्हणजे एका वेळी सरासरी किती जोड्या लागलेल्या असतात, १.६३५ येतो, म्हणजे १८ पैकी साडेसहा अंश एकटी जोडी लोड घेते आणि उरलेले साडेअकरा अंश दोन जोड्या. मला वाटलं होतं एकट्या जोडीच्या टप्प्याच्या सुरुवातीला, जिथे पिनियनच्या दाताची वक्रता त्रिज्या ११ मिमीपर्यंत उतरते, तिथे ९०० च्या जवळ सगळ्यात जास्त प्रेशर दिसेल. तसं दिसलंही. पण नवीन दात मेशमध्ये शिरतो त्या टप्प्याला, गियरच्या दाताची टोकाची कड पिनियनच्या मुळाजवळ लागते तिथे, १६०० आलं.

हा आकडा मेलमधून कस्टमरकडे कच्चा गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या डिझाईनवाल्या साहेबांचा फोन. केस कार्ब्युराइज्ड स्टीलची चांगल्या ग्रेडची सहनमर्यादा आयएसओप्रमाणे १५०० धरतात, १६०० त्याच्या वर, मग मटेरियल बदलायचं का, मॉड्यूल ५ करायचं का, पॅटर्न आणि हाउसिंग सगळंच हलणार. मी म्हटलं साहेब दोन दिवस द्या, मटेरियलला हात लावू नका.

पहिलं, मेश अर्धं केलं. १६०० चं २१०० झालं. पिच पॉइंटचं ८३८ जागचं हललं नाही. मेश बारीक केलं की वाढतच जाणारा आकडा म्हणजे तीक्ष्ण कड, त्याला मर्यादा नसते, त्याची १५०० शी तुलना करणंच चूक. पण नुसतं सिंग्युलॅरिटी आहे म्हणून सोडून देणंही मला पटत नाही, कारण कड तिथे लागतेय हे तर खरं आहे. का लागतेय? लोड घेतलेले दात १२ मायक्रॉन वाकलेत, त्यामुळे गियर थोडा मागे राहिलाय, आणि पुढचा दात, जो अजून वाकलेला नाही, तो ठरल्या जागेच्या आधीच, लाइन ऑफ अॅक्शनच्या, म्हणजे स्पर्शाच्या ठरलेल्या रेषेच्या, बाहेर, पिनियनच्या अंगावर टोकाने आदळतो. शिवाय तिथे पिनियनच्या दाताची वक्रता त्रिज्या फक्त साडेतीन मिमी. हे शॉपफ्लोअरवरच्या माणसाला शिकवावं लागत नाही, टोकाला ओरखडा आणि मेशिंगचा कर्कश आवाज त्याने ऐकलेला असतो, आणि यासाठीच तर टिप रिलीफ देतात, दाताच्या टोकाजवळ काही मायक्रॉन मटेरियल जादा काढतात.

म्हणून मी फोन करून एकच विचारलं, टिप रिलीफ किती देता? साहेब म्हणाले ड्रॉइंगवर तर काही नाही. मग त्यांनी ग्राइंडिंगच्या सुपरवायझरला फोनवर घेतलं. ते मामा तिथे जुने आहेत, त्यांनी लगेच सांगितलं, १५ मायक्रॉन, आणि टोकाला ०.३ चा चॅम्फर, आम्ही कायमच देतो, मशिनच्या शीटवर लिहिलेलं आहे. म्हणजे खऱ्या गियरला रिलीफ होता, कॅडला नव्हता, आणि कॅडला नव्हता म्हणून आम्हालाही नव्हता. १५ मायक्रॉन आणि आमचे १२-१३ मायक्रॉन शेजारी ठेवून बघा, मामांच्या शीटवरचा आकडा किती विचाराने आलेला आहे.

रिलीफ आणि चॅम्फर घालून वीस टप्पे पुन्हा चालवले. शिरतानाचा उंचवटा गेला, जोडी लोड हळूहळू उचलायला लागली, पूर्ण सायकलमधलं मॅक्झिमम आता एकट्या जोडीच्या सुरुवातीला, ८९० च्या आसपास, हाताने ८९८. अॅप्लिकेशन, डायनॅमिक आणि लोड वाटपाचे फॅक्टर मिळून १.८ धरला तर प्रेशरवर त्याचं वर्गमूळ लागतं, १.३४, म्हणजे साधारण १२००. १५०० च्या समोर सव्वापट सेफ्टी. टॉर्क वाढवायला थोडी जागा आहे, खूप नाही, असं स्पष्ट लिहून दिलं.

रिपोर्ट वाचून साहेबांची एक शंका आली ती इथे नोंदवतो, कारण ती प्रत्येक वेळी येते. तुम्ही ८४० म्हणता, मग व्हॉन मिसेसच्या प्लॉटवर ४७० च का, आणि तेही पृष्ठभागाच्या आत? कारण लाइन कॉन्टॅक्टमध्ये पट्ट्याखाली मटेरियल तिन्ही बाजूंनी दाबलेलं असतं, आणि तिन्ही बाजूंच्या दाबाने व्हॉन मिसेस, म्हणजे मटेरियल कायमचं वाकेल का हे सांगणारा एकत्रित स्ट्रेस, वाढत नाही. तो जास्तीत जास्त मॅक्झिमम प्रेशरच्या ०.५६ पट येतो आणि पृष्ठभागाच्या खाली, अर्ध्या रुंदीच्या ०.७ पट खोलीवर, म्हणजे आपल्याकडे ०.०९ मिमीवर. मॅक्झिमम शिअर त्याच्या जरा खाली, ०.१ मिमीपाशी. केसची खोली त्यांची ०.७ मिमी आहे, त्यामुळे ही जागा कडक थरात आरामात बसते. ज्युनियरने या खोलीचा वेगळा प्लॉट काढला, पट्ट्याच्या खाली, स्टीलच्या आत, एक लाल लंबगोल ठिपका, आणि तोच प्लॉट रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठेवला.

थ्रीडीचं थोडक्यात सांगतो. पिनियन ३२ रुंद, गियर ३०, त्यामुळे गियरच्या दोन्ही टोकांना प्रेशर थोडं चढतं, आणि शाफ्ट वाकला की एका बाजूला जास्तच चढेल. आमच्या मॉडेलमध्ये शाफ्ट सरळ धरला होता, तसं रिपोर्टमध्ये लिहिलं. पुढच्या आठवड्यात मामांनी जोडी स्टँडवर बसवून मार्किंग ब्लू, म्हणजे स्पर्शाची जागा दाखवणारा निळा रंग, लावला, हलक्या लोडवर फिरवली आणि फोटो पाठवला. निळा पॅच दाताच्या मध्यावर नव्हता, कव्हरच्या बाजूला सरकलेला होता, रुंदीच्या साधारण पाऊण भागावर. आता तेवढा शाफ्टचा तिरकसपणा मॉडेलमध्ये घालून ज्युनियर थ्रीडी रन लावतोय, पिनियन ०.०८६ अंश फिरवून, आणि या वेळी पाठकोऱ्या कागदावरचा हिशोब त्याने आधीच करून माझ्या टेबलावर ठेवलाय.